आठ सेकंदांची विश्रांती

इसातायच्या लॅपटॉपमधून ‘टक्’ असा आवाज येतो, हे पहिल्यांदा त्याच्या बायकोच्या लक्षात आलं आणि तिने ते बोलून दाखवलं. इथेच सगळं बिघडलं. झौरेश गप्प बसली असती तर तो आवाज आणखी दोन-तीन वर्षं आपल्या गतीने येत राहिला असता आणि कोणाचं काही अडलं नसतं. पण इसाताय म्हणजे तराझच्या पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्याच्या पाण्याची पातळी मोजलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून मोजण्यासारखं हाताशी काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो आतून जरा सुकतच चालला होता. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, कागद-पेन्सिल घेतली आणि दीड तास बसून असा निष्कर्ष काढला की आवाज दर आठ सेकंदांनी येतो. मध्ये झौरेशने जेवायला हाक मारली तेव्हा तो म्हणाला, “आत्ता नको, सातवा सेकंद चालू आहे.”

लॅपटॉप तसा साधाच होता. निवृत्तीच्या वर्षी घेतलेला, आणि त्यावर तो पत्ते खेळायचा, हवामान बघायचा. पण त्यात एक गोष्ट अशी होती की तिच्यापायी इसाताय घर सोडून द्यायलाही तयार झाला असता. ती म्हणजे त्याच्या वडिलांचा आवाज. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, एक्क्याण्णव वर्षांच्या बाइमुरात म्हाताऱ्याला त्याने या लॅपटॉपसमोर बसवलं होतं. रोज थोडं थोडं करत म्हाताऱ्याने दोन आठवड्यांत घराण्याचे सात पूर्वज, त्यांची भांडणं, त्यांचे घोडे, त्यांनी ओलांडलेल्या नद्या असं सगळं सांगून टाकलं. एकूण अकरा तास. आणि वसंतात तो गेला, जणू तेवढंच काम उरलं होतं.

तेव्हापासून इसातायने ते एकदाही लावून ऐकलं नव्हतं. योग्य वेळ आली की ऐकू, असं तो म्हणायचा. योग्य वेळ कोणती, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला धीर लागतो आणि धीर काही पेन्शनबरोबर मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुरुस्ती केंद्रात गेला. तिथे एक टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर ठेवून वावरणारा गृहस्थ होता. त्याने लॅपटॉपकडे बघण्याआधी हमीपत्र मागितलं. हमीपत्र होतं, पण त्यावर विकणाऱ्या दुकानाचा शिक्का नव्हता. शिक्क्याशिवाय यंत्र उघडता येत नाही, असं गृहस्थाने सांगितलं. इसाताय उलट पावली त्या दुकानात गेला, तर तिथे आता नवरीचे पोशाख मिळत होते. आतल्या बाई मात्र फार मायाळू निघाल्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, खुर्ची दिली, चहा दिला आणि शेवटी म्हणाल्या, शिक्काच हवा ना, मग आमचा घ्या. इसाताय मोठ्या समाधानाने शिक्का मारून परत आला. टक्कलवाल्या गृहस्थाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि हमीपत्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

“ह्यावर हंस आहे,” तो म्हणाला.

“शिक्का तर आहे ना?”

“आमच्याकडे हंस चालत नाही.”

तरी माणूस वाईट नव्हता. यंत्र उघडणार नाही, पण बाहेरून बघतो, असं म्हणून त्याने काहीतरी जोडलं आणि पडद्यावरच्या आकड्यांवर बोट ठेवून समजावलं. आत एक फिरती तबकडी असते आणि तिच्यावर वाचणारी एक सुई. काम नसलं की सुई उचलून बाजूला जाते, आराम करते. काम आलं की परत येते. बॅटरी वाचावी म्हणून कंपनीनेच तशी सोय करून ठेवलीय. फक्त या कंपनीने काटकसर जरा मनावर घेतली आणि सुई दर आठ सेकंदांनी आरामाला जाते. टक् होतं ते तेव्हाच.

“कंपनी म्हणते, सहा लाख वेळा उचलेल,” गृहस्थ म्हणाला. “तुमची पाच लाख एकाहत्तर हजार झालीत.”

“आणि सहा लाखांनंतर?”

“त्यानंतर कंपनी काही म्हणत नाही.”

इसातायने तिथल्या तिथे हिशोब केला. उरली एकोणतीस हजार. तासाला साडेचारशे. म्हणजे चौसष्ट तास. वडिलांचा आवाज आणि जगाचा अंत यांच्यामध्ये चौसष्ट तास उरलेत, हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा व्हायला हवा तसा त्याचा झाला. बंद करून ठेवू का, असं त्याने विचारलं. गृहस्थ म्हणाला, ठेवा, पण यंत्र जुनं आहे, एकदा थांबलं की पुन्हा उठेलच असं मी लिहून देणार नाही. मग निघता निघता तो म्हणाला की ही आरामाची सवय मोडताही येते, आत एक सेटिंग असतं, जाणकाराला पाच मिनिटं लागतात. मग तुम्हीच करा की, असं इसाताय म्हणाला. गृहस्थाने हमीपत्रावरच्या हंसाकडे बोट दाखवलं.

जाणकार माणूस इसातायच्या नात्यात होता, आणि खरी गोम तीच होती. त्याच्या बहिणीचा, कुलाशचा मुलगा एरकेबुलान शिमकेंतच्या बाजारात फोन आणि लॅपटॉप दुरुस्त करायचा. बसने तीन तासांवर. पण एरकेबुलान हा भाचा होता, आणि भाच्याने मामाच्या घरातून आयुष्यात तीन वेळा हवं ते मागावं आणि मामाने ते निमूट द्यावं, असा आपल्याकडचा कायदा आहे. तो कोणत्याही कचेरीत लिहिलेला नाही, म्हणून त्यातून पळवाटही काढता येत नाही. एरकेबुलानने सातव्या वर्षी पहिल्यांदा हक्क बजावला आणि इसातायने स्वतःसाठी वाढवलेलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं शिंगरू नेलं. दुसऱ्यांदा एकोणिसाव्या वर्षी त्याने बाजूला जोडगाडी असलेली मोटरसायकल मागितली. इसातायने तिला चारच दिवसांपूर्वी आकाशी रंग दिला होता. रंग नीट वाळलाही नव्हता, एरकेबुलानच्या विजारीला मागे त्याचा मोठा डाग पडला होता आणि तो डाग वळणावर दिसेनासा होईपर्यंत इसाताय फाटकात उभा होता.

तिसरी मागणी गेली सोळा वर्षं शिल्लक होती. भाचा घरी आला की इसाताय टीव्हीवर चादर टाकायचा. अशा माणसाला आपण होऊन बोलवायचं आणि त्याच्या हातात लॅपटॉप द्यायचा, म्हणजे नेण्यासाठी पिशवीही आपणच द्यायची.

झौरेशचं म्हणणं साधं होतं. तिने पहिल्या दिवसापासून धोशा लावला होता की बाबांचं बोलणं दुसऱ्या कशात तरी उतरवून घ्या. इसातायने घरातल्या एका बोटभर पेनड्राइव्हवर प्रयत्न केलाही, पण जागा पुरत नाही असं लॅपटॉपने कळवलं, आणि हा नकार त्याने कायमचा धरला. शिवाय नकलेवर त्याचा विश्वासच नव्हता. खात्यात नकाशांच्या नकला व्हायच्या, आणि तिसऱ्या नकलेत तलास नदी चाळीस मीटर सरकलेली त्याने स्वतः पाहिली होती. बाबांचं तसं व्हायला नको, असं तो म्हणाला. झौरेशने कणीक तिंबायला घेतली. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तिला ते बरं वाटायचं.

बातमी जिन्यावरून खाली-वर व्हायला एक दिवस लागला. समोरच्या रईसा फ्योदोरोव्ना हृदयरोगाच्या वॉर्डात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या. त्या स्टेथोस्कोप घेऊनच आल्या. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला नळी टेकवून, डोळे मिटून त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं की ठोके नियमित आहेत, पण रोग्याला थकवा आहे. धक्का बसू द्यायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची. मग त्यांनी इसातायची नाडी बघितली आणि त्याला झोपेचे थेंब लिहून दिले.

खालच्या मजल्यावरच्या झोल्दासबेकला हे सगळं बायकी वाटलं. त्याने उत्तरेकडे बावीस वर्षं ट्रक चालवला होता, त्यामुळे जगातल्या कोणत्याही यंत्राबद्दल त्याला मत होतं.

“इसेके, यंत्र झोपवून टिकत नसतं,” इसातायला नेहमीच्या आदराच्या नावाने हाक मारत तो म्हणाला. “उणे चाळीसमध्ये आम्ही हिवाळाभर इंजिन बंद करत नव्हतो. जेवायला गेलो तरी चालू, झोपलो तरी चालू. थांबू दिलं की मेलं. तू त्या सुईला बसूच देऊ नकोस. काम दे तिला.”

हे इसातायला पटलं. सुईला सतत काम हवं, म्हणजे सतत काहीतरी लांबलचक चालू हवं. झोल्दासबेक उदार मनाने खाली गेला आणि जावयाच्या, खिशातल्या पाकिटाएवढ्या साठवणीच्या डबीतून स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं नऊ तासांचं चित्रण घेऊन आला. जावयाने शिकवल्याप्रमाणे त्याने ते एका बोटाने लॅपटॉपमध्ये उतरवलंही. त्या डबीत बाबांचे अकरा तास आरामात मावले असते. ती डबी पाऊण तास त्या टेबलावर पडून होती, तिच्यावर चहाची वाटीसुद्धा ठेवून झाली, आणि खोलीतल्या तिघांपैकी एकालाही, झौरेशलासुद्धा, ते सुचलं नाही. आज इसाताय सगळ्यात जास्त हळहळतो तो त्या पाऊण तासासाठी.

लग्न सुरू झालं आणि टक् थांबलं. काय आनंद झाला इसातायला. पुढचे चार दिवस त्या घरात अहोरात्र लग्न चालू होतं. सकाळी उठावं तर नवरीची पाठवणी, जेवायला बसावं तर पाहुण्यांची भाषणं. झौरेशला सगळी भाषणं पाठ झाली. कोणत्या पाहुणीने तोच कोट दोन लग्नांत घातलाय, हेही तिला कळलं. चौथ्या दिवशी, कितव्यांदा तरी सातव्या तासाला, मांसाची ताटं आली आणि या खेपेला इसाताय नेमका समोर बसला होता. कॅमेरा एकेका टेबलावरून फिरत इसातायच्या टेबलावर आला आणि इसाताय खुर्चीत ताठ बसला.

त्याच्यापुढे खांद्याचं हाड होतं. आणि त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान असलेल्या, कर खात्यातल्या कुठल्याशा कारकुनापुढे कमरेचं मानाचं हाड होतं.

लग्नाच्या गोंगाटात त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. आता त्याने चित्र मागे नेलं, पुढे नेलं, थांबवलं, हाडाच्या आकाराचा अंदाज घेतला. शंकेला जागा नव्हती. तो सपाता घालून खाली गेला. ज्या पोरीला मी मांडीवर खेळवलं तिच्या लग्नात मला खांदा, आणि काल आलेल्या कारकुनाला कंबर, एवढंच त्याला विचारायचं होतं. झोल्दासबेकने आधी समजावलं की ताटं स्वयंपाकघरातून लागतात, बाप काय हाडं वाटत बसतो का. इसाताय ऐकेना तेव्हा तो जे बोलला त्याने तीस वर्षांचा शेजार संपला. तो म्हणाला, “इसेके, खांदा काय कमी असतो का?”

वर येऊन इसातायने अख्खं लग्न पुसून टाकलं. आठ सेकंद शांतता होती आणि मग टक् झालं.

यानंतरचे दिवस आठवले की झौरेशच्या बोटाला अजून मुंग्या येतात. सुईला काम हवं म्हणून इसातायने एक कोरं पान उघडलं, त्यावर दर सात सेकंदांनी एक अक्षर लिहायचं आणि साठवायचं. पाळ्या लावल्या. तो लिहायचा तेव्हा कालव्याच्या इतिहासाची दोन-तीन वाक्यं तयार व्हायची. झौरेशच्या पाळीत नुसती शून्यं. ती एका हाताने शून्य टाकायची आणि दुसऱ्याने पीठ मळायची, त्यामुळे शून्याची कळ पिठाने बसली आणि मग ती नऊ लिहू लागली. खालच्या जिन्यावर झोल्दासबेकची चाहूल लागली की इसाताय कळ मुद्दाम जोरात दाबायचा. भांडण नसतं तर ते लग्न अजून चालू असतं आणि आपण मस्त झोपलेले असतो, हे त्याला कळत होतं. पण खाली जाऊन तसं म्हणायला जो धीर लागतो तोही पेन्शनबरोबर मिळत नाही.

अशा अवस्थेत गुरुवारी फोन वाजला.

“मामा, शनिवारी येतोय,” एरकेबुलान म्हणाला. “तिसरं मागायचंय.”

इसातायने विचारलं, “काय मागणार आहेस?”

“फोनवर कोणी मागतं का? घरी येऊन, बसून मागतो.”

मामाला आता सगळं स्पष्ट दिसायला लागलं. दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस, त्याला लॅपटॉपशिवाय दुसरं काय सुचणार. टीव्ही तर जुनाच होता. लॅपटॉप लपवणं भाग होतं, पण कुठे? रईसा फ्योदोरोव्ना गावाबाहेर बटाटे काढायला गेल्या होत्या. खाली झोल्दासबेककडे नेणं मरणाहून वाईट होतं. आणि बंद करायची तर सोयच नव्हती. शेवटी शनिवारी सकाळी इसातायने तोडगा काढला. खोलीच्या टोकाला संदूक होता आणि त्यावर झौरेशच्या माहेरच्या गोधड्यांची छतापर्यंत चळत होती. वरून पाचव्या आणि सहाव्या गोधडीच्या मध्ये लॅपटॉप बरोबर बसला. झाकण पूर्ण मिटलं तर यंत्र झोपी जातं, म्हणून त्याने फटीत स्वयंपाकघरातलं लाटणं घातलं. वायर भिंतीच्या बाजूने खाली सोडली.

राहता राहिलं सुईचं काम. सहा-सात तास चालेल असं लांब आता एकच काही त्या यंत्रात होतं. त्याने आवाज अगदी शून्यावर आणला, वडिलांचं बोलणं सुरू केलं आणि पडद्यावर पुढे सरकणाऱ्या बारीक रेषेकडे क्षणभर बघत उभा राहिला. आवाज थोडासा वाढवावा असं त्याला वाटलं. पण ही ती योग्य वेळ नव्हे, असं म्हणून त्याने वरच्या गोधड्या टाकल्या.

एरकेबुलान बाराच्या सुमाराला आला. पस्तिशीतला, थोडा सुटलेला, येताना दोन मोठी कलिंगडं घेऊन. झौरेशने सवयीने चळतीतली सगळ्यात चांगली गोधडी काढायला हात घातला, तर इसाताय तिच्या आणि संदुकाच्या मध्ये आला आणि म्हणाला की वरच्याच दोन घे, खालच्यांना कसर लागलीय. माहेरच्या गोधड्यांना कसर लागली असं पाहुण्यासमोर ऐकून झौरेशचे ओठ पातळ झाले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने तिथून विचारणा झाली की माझं लाटणं कोणी नेलं. इसातायने भाच्याला कलिंगडाचा भाव विचारला. त्या दिवशी मांसाबरोबरच्या पोळ्या तिने बाटलीने लाटल्या.

आता, आपल्याकडे पाहुणा आल्या आल्या काम सांगत नाही. आधी चहा, मग घरातल्या एकेकाची खुशाली, मग मांस शिजेपर्यंत पुन्हा चहा, मग मांस, मग रस्सा, आणि हात धुवून झाल्यावर काय ते बोलायचं. एरकेबुलान या बाबतीत आजोबांच्या तालमीत वाढलेला होता. आणि इसातायला तर तेच हवं होतं. मागणी जितकी लांबेल तितकं बरं. त्याने कधी नव्हे ती बायकोला हाक मारून विस्तव बारीक करायला सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली कालवा फुटला ती हकीकत त्याने पायथ्यापासून सांगितली, पाण्याची पातळी दर तासाला काय होती यासकट. भाचा मान हलवत राहिला. एकदा त्याची नजर भिंतीवरून खाली आलेल्या वायरीवर गेली, पण पाहुण्याने असं काही बघायचं नसतं, म्हणून त्याने ती पुन्हा वाटीकडे वळवली.

साडेतीनला ताट आलं. इसातायने स्वतःच्या हाताने कमरेचं मानाचं हाड उचललं आणि भाच्यापुढे ठेवलं. घे, मोठा पाहुणा आहेस, असं तो म्हणाला, आणि थोडं मन मोठं झाल्यासारखंही त्याला वाटलं. एरकेबुलान खरोखर गहिवरला. त्याला काय माहीत, मामा त्याला हाड देऊन लॅपटॉप वाचवतोय. मग रस्सा झाला. मग इसातायने आणखी चहा ओतला. खोलीत कुठेतरी तापलेल्या लोकरीचा वास येत होता. झौरेश दोनदा उठून शेगडी बघून आली.

साडेचारला पाचवी वाटी नाकारून एरकेबुलानने हात पुसले, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि म्हणाला, “मामा, आता मागू?”

“माग,” इसाताय म्हणाला. दुसरं काही म्हणता येतच नाही.

“आईसाठी मागतोय. आजोबा गेले तेव्हा वसंतात अवेळी बर्फ पडून गाड्या अडकल्या, ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. तुम्हाला माहितेय. तेव्हापासून तिच्या मनात आहे की एकदा त्यांचा आवाज ऐकावा. तीन वर्षं तोंडातून काढलं नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीने माहेरी काही मागायचं नाही, असं तिचं. म्हणून म्हटलं, माझं एक शिल्लक आहे, तेच वापरतो.” त्याने खिशातून काडेपेटीएवढी एक डबी काढून जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवली. “ह्यात मावेल सगळं. लॅपटॉप तुमचा तुमच्याकडेच राहू दे. नुसता आवाज द्या.”

इसाताय उठला, संदुकापाशी गेला आणि गोधड्या ओढू लागला. पहिल्या दोन खाली पडल्या. तिसरीला हात लावला तर ती आतून भाजत होती. लाटणं इतकं तापलं होतं की त्याच्या हातातून सुटून घरंगळत झौरेशच्या पायाशी गेलं. पडदा काळा होता. एरकेबुलानने लॅपटॉप हातावर घेतला, खिडकीपाशी नेला, कान लावला. आतून टक् टक् टक् असा घाईघाईने आवाज आला, आठ सेकंद वगैरे आता काही राहिलं नव्हतं. मग एक बारीक घरघर झाली आणि ती थांबली.

मग इसातायने सगळं सांगितलं. क्रमाने, आकड्यांसह, कारण त्याला तसंच सांगता येत होतं. हंस सांगितला, लग्न सांगितलं, शून्य आणि नऊ सांगितले. आज सकाळपासून आत काय चालू होतं, हे मात्र त्याला लगेच सांगता येईना. शेवटी त्याने तेही सांगितलं. चार-पाच तास बाबा त्या गोधड्यांत बोलत होते, आणि आवाज मीच बंद केला होता.

“पाच मिनिटांचं काम होतं, मामा,” एरकेबुलान म्हणाला. “फोन केला असता तर फोनवर सांगितलं असतं.”

“मला वाटलं, तू लॅपटॉप मागशील.”

“माझ्या गाळ्यात असे सतरा पडलेत.”

तो चिडला असता तर इसातायला बरं वाटलं असतं. पण भाचा नुसता त्या तापलेल्या यंत्रावर हात ठेवून बसला होता. अल्मातीला एक जण आहे, त्याला दाखवून बघतो, पण आईला काही सांगू नका आणि तुम्हीही आशा धरू नका, असं तो म्हणाला. इसातायला इतकी लाज वाटली की ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. आयुष्यात भाच्याने तीन गोष्टी मागितल्या. शिंगरू दिलं, गाडी दिली. आणि जे दिल्याने कमी होणार नव्हतं तेवढंच नेमकं देता आलं नाही.

मग एरकेबुलानने आपला फोन काढला, दस्तरखानावर त्या डबीशेजारी ठेवला आणि त्यावरचा लाल ठिपका दाबला.

“अकरा तास तुम्ही समोर बसला होतात ना?” तो म्हणाला. “मग तुम्हीच सांगा. मी आईला नेऊन देतो.”

इसातायने घसा साफ केला. पहिल्या पूर्वजाचं नाव सांगितलं, त्याची दोन वाक्यं सांगितली आणि थांबला. दुसऱ्याचं सांगितलं आणि थांबला. प्रत्येक वेळी तो थांबला की खोलीत शांतता व्हायची आणि लाल ठिपका तेवढा चालू राहायचा.

“थांबू नका, मामा,” एरकेबुलान म्हणाला. “आठवेल तसं सांगा, पण थांबू नका.”

“चौथ्याने नदी ओलांडली,” इसाताय म्हणाला. “हिवाळा होता. बर्फ नीट धरलेला नव्हता, बरोबर लहान मुलं होती, आणि…”

“आणि?”

इसातायने झौरेशकडे पाहिलं. तिच्या हातात लाटणं होतं. ती त्या दिवसांत चहा द्यायला आत-बाहेर करायची, पण तिलाही पुढचं आठवत नव्हतं.

“तिथे बॅटरी अकरा टक्क्यांवर आली होती,” तो म्हणाला. “मी वायर आणायला गेलो. रोज माझं लक्ष तिकडेच असायचं. टक्के किती, ठिपका चालू आहे का. म्हटलं, साठतंय ना सगळं, मग नंतर ऐकू.”

“तेच सांगा,” भाचा म्हणाला.

“परत आलो तर बाबा तसेच बसले होते. वाटी हातात, तशीच वर धरलेली. मुलांना घेऊन ते लोक अजून बर्फावरच उभे होते म्हण ना. मी वायर लावली. त्यांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ऐकतोयस ना रे?”

तो पुन्हा थांबला. या वेळी कोणी त्याला पुढे हो म्हटलं नाही.

“मी म्हटलं, ऐकतोय.”